‘संशयित’ बसत नव्हता

डिसेंबर २०१६. रात्रीचे पावणेबारा वाजले होते आणि शहर पान सोडायला दहा मिनिटं उरली होती. पोलिसांच्या प्रेसनोटमध्ये लिहिलं होतं, ‘अकरा संशयित बांगलादेशी नागरिक ताब्यात’. हेडिंग चार कॉलमात बसवायचं होतं आणि ‘संशयित’ काही केल्या बसत नव्हता. मी तो काढला. ‘नागरिक’च्या जागी ‘घुसखोर’ घातला, ‘ताब्यात’चं ‘जेरबंद’ केलं. पान गेलं. मी घरी येऊन शांत झोपलो.

नागपूरच्या एका दैनिकात मी सव्वीस वर्षं डेस्कवर काढली. असली शेकडो हेडिंगं दिली असतील. हे एक मात्र डोक्यातून जात नाही.

हिवाळी अधिवेशनाचे दिवस होते. अधिवेशन आलं की शहरात बंदोबस्त वाढतो, लॉज तपासले जातात, बांधकामांवरच्या झोपड्यांमध्ये झाडाझडती होते. बेसा रोडवरच्या एका स्कीमवर सेंट्रिंगचं काम करणारे हे अकरा जण त्यातच उचलले गेले. बोली बंगाली आणि जवळ धड कागद नाहीत, एवढ्यावर. आठवडाभराने त्यांच्या गावाकडून, मालदा जिल्ह्यातून, मतदार यादीचे उतारे आणि शाळेचे दाखले आले. सगळे भारतीय निघाले आणि सुटले. आमच्या रिपोर्टरने इमानदारीने चार ओळींची बातमी लिहून दिली. मी ती सिंगल कॉलममध्ये लावली. रात्री अकराला एका नगरसेवकाच्या वाढदिवसाची जाहिरात आली आणि बातमी पानाबाहेर गेली. दुसऱ्या दिवशी मी आठवण केली तेव्हा शहर पानाचे प्रमुख म्हणाले, “जाऊ दे ना भाऊ, आता कोन वाचते ते?”

त्यानंतर महिनाभराने त्या अकरातला एक जण ऑफिसात आला. तिशीचा असेल. हातात आमच्या बातमीचं कात्रण, प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेलं. त्याला मराठी वाचता येत नव्हतं, कोणीतरी वाचून दाखवलं होतं. घरमालक खोली देत नव्हता. नोटबंदीचे दिवस, ठेकेदाराने मजुरी आधीच थकवली होती, आता तर तो ओळखही दाखवत नव्हता. “साहब, इसका उल्टा भी छाप दीजिए ना,” एवढंच तो म्हणाला. मी त्याला चहा पाजला आणि बघतो म्हणालो. मी काहीही बघितलं नाही.

हे आज लिहायचं कारण म्हणजे ५ फेब्रुवारी २०२५ पासून माझ्या मनात सुरू झालेली एक घालमेल. त्या दिवशी अमेरिकेचं लष्करी विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं. त्यातले तीन महाराष्ट्राचे होते. हातात बेड्या, पायात साखळ्या. आमच्या जुन्या पत्रकारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर संताप उसळला आणि माझाही त्यात सूर होता. वर्तमानपत्रांनी त्या लोकांच्या कहाण्या छापल्या. कोणी जमीन गहाण टाकून एजंटाला लाखो रुपये दिले होते, कोणी कोलंबिया आणि पनामाच्या मधलं डॅरियनचं जंगल पायी तुडवलं होतं. त्यांना ‘डंकी रूट’ने, म्हणजे दलालांच्या चोरवाटेने गेलेले, फसवले गेलेले, स्वप्न घेऊन निघालेले तरुण म्हटलं गेलं. ‘घुसखोर’ हा शब्द मला मराठीत कुठेच दिसला नाही. तो वापरायला हवा होता असं माझं म्हणणं नाही. त्यांच्याबद्दल जसं लिहिलं तसंच माणसाबद्दल लिहायला हवं. पण परवान्याशिवाय सीमा ओलांडून, पोटासाठी स्लॅबवर राबायला आलेला बांगलादेशी वेगळं काय करतो? त्याची जमीन, त्याचं कर्ज, त्याचा दलाल आपण कधी छापला?

आणि बेड्यांचं राजकारण बघा. विरोधी पक्षांचे खासदार हातात बेड्या घालून संसदेच्या आवारात उभे राहिले. परराष्ट्रमंत्री जयशंकर यांनी राज्यसभेत वर्षवार आकडे वाचले. २००९ मध्ये अमेरिकेने ७३४ भारतीय परत पाठवले, २०१९ मध्ये २,०४२. बांधून आणण्याची पद्धत २०१२ पासूनची आहे, असंही त्यांनी सांगितलं. म्हणजे आज ओरडणारे सत्तेत होते तेव्हाही माणसं परत येत होती आणि त्यांना दिसत नव्हती. आजचं सरकार घुसखोरीवर रोज बोलतं, पण आपल्याच माणसांना साखळदंडात आणलं तेव्हा त्याला नियमपुस्तिका आठवली. डेस्कवरच्या आम्हीही २००९ चे ते ७३४ पहिल्या पानावर घेतले नव्हते.

अमेरिकेतही हेच चालतं. ओबामांच्या काळात, २०१२ या एका आर्थिक वर्षात, चार लाखांहून अधिक लोक देशाबाहेर पाठवले गेले, तेव्हा त्यांच्या पक्षाचा आवाज बसलेलाच होता. २०१८ मध्ये ट्रम्प यांच्या क्रौर्याचा पुरावा म्हणून जाळीच्या पिंजऱ्यात झोपलेल्या मुलांचे फोटो फिरले. ते फोटो २०१४ चे, ॲरिझोनातल्या नोगालेसचे निघाले. मुलं खरी होती, जाळी खरी होती, राष्ट्राध्यक्ष दुसरा होता. तारीख न बघता फोटो उचलणं म्हणजे काय, हे डेस्कवर काम केलेल्या माणसाला सांगायला लागत नाही.

आपल्याकडे बेकायदा राहणाऱ्या बांगलादेशींचे आकडे कसे वाढले तेही डेस्कवरच बघितलं. १९९७ मध्ये गृहमंत्री इंद्रजित गुप्त यांनी संसदेत एक कोटी सांगितले. २००४ मध्ये गृहराज्यमंत्री श्रीप्रकाश जायस्वाल यांनी १ कोटी २० लाख सांगितले आणि गदारोळ झाल्यावर तो आकडा भरवशाचा नाही असंही तेच म्हणाले. नोव्हेंबर २०१६ मध्ये गृहराज्यमंत्री किरेन रिजिजू यांनी दोन कोटी सांगितले. माझं हेडिंग त्याच्या पुढच्याच महिन्यातलं आहे. दोन कोटी असतील तर बेसा रोडवर अकरा असणारच, असंच तेव्हा मला वाटलं असेल. ममता बॅनर्जींनी ऑगस्ट २००५ मध्ये बंगालमधल्या घुसखोरीवर बोलू देत नाहीत म्हणून लोकसभेत कागद भिरकावले होते. सत्ता मिळाल्यावर त्यांची भाषा नेमकी उलट झाली. आसाममध्ये नागरिक नोंदणीची शेवटची यादी ३१ ऑगस्ट २०१९ ला आली आणि १९ लाखांहून अधिक लोक बाहेर राहिले. त्यात हिंदूही मोठ्या संख्येने आहेत हे दिसल्यावर, ज्या भाजपने यादीसाठी आग्रह धरला होता तोच पक्ष यादी फेरतपासा म्हणू लागला.

सीमा असते, तिच्यावर पहारा लागतो, खोटे कागद करून देणाऱ्या टोळ्या आहेत आणि त्यांना शिक्षा व्हायलाच हवी. याबद्दल माझ्या मनात दुमत नाही. पण १९४६ च्या परदेशी नागरिक कायद्याच्या कलम ९ प्रमाणे आपण परदेशी नाही हे सिद्ध करण्याचं ओझं पकडलेल्या माणसावरच होतं. ज्याच्याकडे वकील नाही, ज्याचं गाव दीड हजार किलोमीटरवर आहे, त्याच्यासाठी वर्तमानपत्रातला एक शब्द किती जड होतो ते मला त्या पिशवीतल्या कात्रणाने दाखवलं.

बंगाली बोलणं हाच आता पुरावा ठरू लागलाय. दिल्ली पोलिसांच्या एका पत्रात ‘बांगलादेशी भाषा’ असा उल्लेख आला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वाद पेटला. आपण विदर्भातल्यांनी तरी हे मान्य करू नये. पूर्व पाकिस्तानातून आलेली बंगाली कुटुंबं सरकारनेच इथे वसवली. गडचिरोलीत चामोर्शी, मुलचेरा भागात त्यांची गावं आहेत आणि तिथल्या घरांत आजही बंगालीच बोलतात. इतवारीच्या सराफ्यात दागिने घडवणारे कितीतरी हात बंगाली आहेत. केंद्राने ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा दिला, आपण पेढे वाटले. त्याच दिवशी, त्याच निर्णयात बंगालीलाही दिला होता. आणि जून २०२५ मध्ये याच महाराष्ट्रातून पकडून सीमेपलीकडे ढकललेले पश्चिम बंगालचे काही मजूर, ते भारतीयच असल्याचं कळल्यावर परत आणावे लागले. ढकलल्याची बातमी केवढी होती आणि परत आणल्याची केवढी, ते ज्याने त्याने आपल्या पेपरात बघावं.

एक गोष्ट अजून सांगायची राहिली. सव्वीस वर्षांत अशा बातमीत मी बिल्डरचं नाव कधी छापलं नाही. कोणाच्या साइटवर माणसं सापडली, कागद न बघता त्यांना कोणी ठेवलं, मजुरी कोणी बुडवली, हे कधीच आलं नाही. ‘एका निर्माणाधीन इमारतीवर’ एवढंच. त्याच बिल्डरची अर्ध्या पानाची जाहिरात रविवारी असायची. घुसखोरीवर भाषण देणाऱ्या एकाही पुढाऱ्याने त्याचं नाव घेतलेलं मला आठवत नाही, आणि आम्ही कोणी त्यांना विचारलंही नाही.

त्या चार ओळी मी तेव्हा माझ्या वहीत उतरवून ठेवल्या होत्या. का ठेवल्या ते मला ठाऊक नाही. छापायला नऊ वर्षं उशीर झाला. हेडिंग आज दिलंय आणि ते पूर्ण बसलंय.

बेसा रोडवरून ताब्यात घेतलेले ११ मजूर भारतीयच, सर्वांची सुटका

नागपूर : बेसा रोडवरील निर्माणाधीन इमारतीवरून संशयित बांगलादेशी म्हणून ताब्यात घेतलेले ११ मजूर भारतीय नागरिक असल्याचे निष्पन्न झाले आहे. सर्व जण पश्चिम बंगालमधील मालदा जिल्ह्यातील रहिवासी आहेत. त्यांच्या मूळ गावाहून प्राप्त झालेल्या कागदपत्रांची पडताळणी केल्यानंतर पोलिसांनी त्यांना सोडून दिले.