खमणच्या गावातला कपकेक

बडोद्याच्या माणसाला खमणबाबत फसवणं सोपं नाही. रविवारी सकाळी कुठल्याही फरसाणच्या दुकानासमोर उभे राहा आणि गिऱ्हाइकांचे डोळे बघा. ‘ताजं आहे का?’ असं कुणीही विचारत नाही. सुरी लागल्यावर तुकडा दबतो आणि पुन्हा वर येतो का, वघाराचं, म्हणजे फोडणीचं, पाणी आतपर्यंत पोचलंय की नुसतं वरून चोपडलंय, हे परातीकडे बघूनच कळतं. त्यात एखादा तांबडा ठिपका दिसला, की दांडिया बाजारातली आमची आत्या पिशवीची घडी घालून चालू लागते. सोडा नीट न मिसळता एका जागी राहिला तर तिथली हळद लाल होते. आत्या रसायनशास्त्राच्या वाटेला कधी गेली नाही, पण सोड्याचा हात सैल सुटलाय हे तिला दुकानाच्या पायरीवरून दिसतं. (पुण्याचे पाहुणे खमण आणि ढोकळा एकच समजतात. त्यांना आम्ही माफ केलंय.)

आता हीच मंडळी ओल्ड पादरा रोडच्या गल्लीतल्या नव्या बेकरीत शिरताना बघा. उघड्या विटांची भिंत, लोंबते पिवळे दिवे, खडूने लिहिलेला फळा, काळा एप्रन घातलेली पोरं. काचेआड कपकेक ओळीने बसलेले, प्रत्येकाच्या डोक्यावर क्रीमचा फेटा. किंमत ९० रुपयांच्या आसपास, नावात ‘बेल्जियन’ आलं की आणखी वर. आणि खमणच्या तुकड्याला कोर्टात उभं करणारी माणसं इथे एकदम भाबडी होतात. ‘किती गोड दिसतंय गं!’ म्हणून फोटो काढतात, वरचं क्रीम चाटतात आणि कसा होता विचारलं तर ‘मस्त होता’ म्हणून मोकळी होतात. मस्त काय होतं, हे कुणी सांगत नाही. केकबद्दल तर एक शब्द नाही.

मला हे पटत नाही. कारण बडोद्यातला कपकेक खमणच्याच जातकुळीतला आहे, फक्त वाफेऐवजी भट्टीतून निघालेला. इथल्या दहातल्या नऊ बेकऱ्यांवर ‘१००% एगलेस’ अशी पाटी असते. अंडं काढलं की केक फुगवायचा आणि धरून ठेवायचा कसा, हा प्रश्न उरतो. तो सोडवतात दही किंवा व्हिनेगर आणि खायचा सोडा, जोडीला कंडेन्स्ड मिल्क. आंबट आणि सोडा भेटले की कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सुटतात, आणि ते सुटायला लागले की थांबत नाहीत. म्हणून एगलेस केकचं मिश्रण झाल्याबरोबर भट्टीत जावं लागतं. खमणच्या पिठात इनो घातल्यावर फोन घ्यायचा नाही, दाराची बेल वाजली तरी हलायचं नाही, हे ज्या गावात पोरीसोरींना ठाऊक आहे, त्या गावाला कपकेकची परीक्षा परकी का वाटावी?

मूळ कपकेक मात्र अंड्यांचाच. अमेलिया सिमन्स या अमेरिकन बाईंनी १७९६ मध्ये छोट्या कपांत भाजायच्या केकची कृती छापली, आणि १८२८ मध्ये इलायझा लेस्लीच्या पुस्तकात ‘कप केक’ हे नावच आलं. पुढे एक सोपा हिशेब रूढ झाला: १ कप लोणी, २ कप साखर, ३ कप मैदा आणि ४ अंडी. वजनकाटा नसला तरी चालेल, कप हाताशी हवा. त्याचं डोक्यावर क्रीम घेऊन मिरवणं अलीकडचं. १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्लीकर स्ट्रीटवर मॅग्नोलिया बेकरी निघाली, एका टीव्ही मालिकेत तिथला कपकेक झळकला, दुकानाबाहेर रांगा लागल्या आणि मग ते वारं जगभर फिरलं. आमच्या गल्लीत पोचायला त्याला जरा वेळ लागला, आणि पोचताना चारही अंडी वाटेत गळाली.

यात नवल काही नाही. बाहेरची वस्तू घ्यायची आणि तिच्यातलं अंडं काढून ठेवायचं, ही या भागाची जुनी हातोटी. सुरतेला डचांची भट्टी होती, ती पुढे एका पारशी बेकऱ्याकडे आली, आणि इथल्या गिऱ्हाइकाला चालेल असं काही करता करता नानखटाई झाली, असं सांगतात. खरी गंमत वेगळीच आहे. रात्री लारीवर उभं राहून लसणाच्या फोडणीतली अंड्याची भुर्जी हाणणारा इसम दुसऱ्या दिवशी पोराच्या वाढदिवसाचा केक घेताना तीन वेळा विचारतो, ‘एगलेसच आहे ना?’ मी स्वतः दोन्ही खाते आणि एगलेसबद्दल माझी तक्रार नाही. नीट केलेला एगलेस केक ओलसर, मऊ, जरा जड असतो, आणि त्या जडपणात एक समाधान असतं. तक्रार आहे ती न तपासता शाबासकी देण्याबद्दल.

म्हणून आत्याला एकदा तिथे घेऊन गेले. काउंटरवरचा मुलगा गोड होता. ‘बा, आ अमारुं बेस्टसेलर छे,’ म्हणत त्याने पांढऱ्या क्रीमचा व्हॅनिला कपकेक पुढे केला. आत्या म्हणाली, ‘उपरनुं काढी नाख ने, दीकरा.’ वरचं काढून टाक. मुलाने आधी तिच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं. बहुधा त्याच्या नोकरीत ही मागणी पहिलीच असावी. शेवटी त्याने चमच्याने फेटा उतरवला आणि बोडका कपकेक ताटलीत आला.

आत्याने आधी बोटाने मध्यावर दाबलं. खळगा पडला तो पडलाच. मग कागद सोलायला घेतला, तर कागदाबरोबर बुडाचा पाव इंचाचा थर निघून आला. ‘शिळा नाहीये,’ ती म्हणाली, ‘पण घाईने उतरवलाय.’ तिने तो मधोमध मोडून उजेडाकडे धरला. जाळी वरच्या बाजूला मोकळी होती, खाली चिकट पट्टा बसला होता, अर्धवट शिजलेल्या खमणच्या बुडाशी बसतो तस्साच. मग एक लहान घास. ती बराच वेळ काही बोलली नाही, जीभ टाळ्याला लावून बसली.

‘सोडा लागतोय. त्याचं दही आंबट नव्हतं.’

मी तो घास मुद्दाम हळू खाल्ला. खरंच, गोड ओसरल्यावर मागून एक साबणासारखी, किंचित कडसर चव येत होती. सोड्याला पुरेसं आंबट मिळालं नाही की तो तसाच मागे उरतो. क्रीमसकट खाल्लं असतं तर साखरेने ते सगळं झाकून टाकलं असतं. क्रीमची खरी नोकरी पुष्कळदा हीच असते.

त्या क्रीमबद्दलही बोललं पाहिजे. ज्याला आपण क्रीम म्हणतो, त्याचा दुधाशी संबंध असेलच असं नाही. डब्यातून येणारं तयार व्हिप टॉपिंग बहुतेक वेळा पाम कर्नलच्या हायड्रोजनेटेड तेलाचं असतं. ते पांढरंशुभ्र दिसतं, तासन् तास उभं राहतं, आणि खाल्ल्यावर टाळूवर मेणचट थर सोडतं. लोणी साधारण ३२ ते ३५ अंशांना वितळतं, म्हणजे जिभेच्या उबेला ते टिकतच नाही, विरघळून जातं. दुसरं हटून बसतं. खात्री करायची तर कपकेकनंतर गार पाण्याचा घोट घ्यावा. टाळूवरचा थर घट्ट झाल्यासारखा वाटला की समजावं. मग तो सोडवायला गरम चहाच लागतो, आणि त्या बेकरीत चहा नसतो, १८० रुपयांची कॉफी असते.

बेकरीवाल्याची बाजूही खोटी नाही. मे महिन्यात बडोद्याचा पारा चाळिशी ओलांडतो. काचेच्या कपाटातून बाहेर काढलेला बटरक्रीमचा फेटा गाडीच्या डिकीत वारसियापर्यंत पोचेतो त्याचं वरण होईल. तेव्हा उन्हाळ्यात टॉपिंग, समजू शकते. पण डिसेंबर-जानेवारीत? आमच्यापासून तासाभरावर आणंद आहे. अख्ख्या देशाच्या पावाला लोणी पुरवणारं गाव शेजारी, आणि आम्ही भर थंडीत पाम तेलाचे फेटे चाटतोय, हे मात्र मला झेपत नाही.

थंड कपाटाचंही तेच. केक फ्रिजमध्ये लवकर कोरडा पडतो, कारण त्यातला स्टार्च गारव्यात भराभर घट्ट होतो. लोण्यातला केक तर दगडच होतो. म्हणून बेकरीवाले केकमध्ये लोण्याऐवजी तेल घालतात. ही चलाखी नाही, शहाणपण आहे, कारण तेलातला केक गार असतानाही मऊ राहतो. तरी कपाटातून काढल्या काढल्या खाऊ नये. पंधरा-वीस मिनिटं टेबलावर राहू द्यावा. नाहीतर तोठरा बसतो आणि दोष विनाकारण मैद्याला जातो.

फळ्यावरची नावं वाचून काही ठरवू नये. रेड व्हेल्वेटचा रंग पूर्वी कोको, ताक आणि व्हिनेगर यांच्या संगतीने येणारा लालसर तपकिरी असे. आता तो बाटलीतून येतो आणि जीभही रंगवतो. रसमलाई कपकेक हा प्रकार मला कळलेलाच नाही. केशराचा इसेन्स, वर पिस्त्याचे चार काप, आणि रसमलाईचा गुण जो रस, तोच नेमका गायब. परीक्षा घ्यायची तर साध्या व्हॅनिलाची किंवा लिंबाची घ्यावी. व्हॅनिलात लपायला जागा नसते. लिंबाच्या बाबतीत आणखी एक फायदा: रस पिठात गेला असेल तर सोड्याशी त्याचा हिशेब बराचसा चुकता होतो, त्यामुळे साबणाची चव क्वचित येते. त्याच बेकरीतला लिंबाचा कपकेक आत्याने पूर्ण खाल्ला. कागद सुटा निघाला, बोटाने दाबलेली जागा परत वर आली. क्रीम तिने याही वेळी बाजूला काढलं होतं, ते मी खाल्लं, आणि मग चहाची वाट बघत बसले.

निघताना मी त्या मुलाला विचारलं, खऱ्या लोण्याचं क्रीम मिळेल का. तो आत जाऊन विचारून आला. मिळतं म्हणे. सहाचा बॉक्स घ्यावा लागतो, दोन दिवस आधी सांगावं लागतं, आणि दर नगामागे ३० रुपये जास्त. होळीनंतर करत नाहीत. फळ्यावर यातलं काहीच लिहिलेलं नाही, विचारावं लागतं.