लिनियर मोटरच्या मशीनपाशी दोन दिवस

लिनियर मोटर म्हणजे गोल न फिरता टेबलाला सरळ रेषेत ढकलणारी मोटर. ती वापरणारी कापकामाची मशीन बनवणाऱ्यांच्या चाचणी विभागात दोन दिवस राहून आलो. बॉलस्क्रूवर (फिरून टेबल सरकवणाऱ्या स्क्रूवर) हात बसलेल्या प्रत्येकाने अशी भेट एकदा जरूर द्यावी.

घड्याळ, कार्डं दारातच काढून ठेवायला सांगतात, ते ऐका. मोटरच्या ट्रॅकवर ओळीने बसवलेले चुंबक उघडे असले की लोखंडी पाना हातातून ओढला जातो आणि मध्ये सापडलेलं बोट चिरडतं. पेसमेकर असलेल्यांनी जवळ जाऊच नये.

आधी वीज बंद ठेवून टेबल हाताने सरकवू द्या म्हणावं. सहज सरकतं, पण ठरावीक अंतरावर हलके गचके लागतात. हेच कॉगिंग: मोटरच्या लोखंडी दातांना चुंबक आपल्याकडे ओढून धरतात. मग ड्राइव्ह (मोटरला वीज देऊन चालवणारा कंट्रोलर) चालू केला आणि तेच टेबल दोन्ही हातांनी रेटूनही हलेना! मध्ये ना स्क्रू, ना बेल्ट. हा ताठपणा निव्वळ कंट्रोलचा. कापतानाचं बलही थेट मोटरवर येतं, म्हणून करंट लूप (मोटरचा करंट मोजून सुधारत राहणारं कंट्रोलचं चक्र) सेकंदाला हजारो वेळा फिरतो.

दुसऱ्या दिवशीची सगळी दुपार एका शिट्टीने खाल्ली. वेगाच्या लूपचा गेन (चूक दिसली की किती जोराने सुधारायचं तो आकडा) वाढवला की टेबल किंचाळायचं. नॉच फिल्टर (एकच ठरावीक फ्रिक्वेन्सी दाबणारा) लावायची तयारी झालीच होती. तेवढ्यात टेबल जागेवर धरलेलं असताना एकाने प्लॅस्टिकच्या दांड्याने एन्कोडरच्या (टेबलाची जागा मोजणाऱ्या साधनाच्या) रीडहेडचं ब्रॅकेट दाबलं, आणि आवाज बदलला. ब्रॅकेट पातळ पत्र्याचं होतं. जाड बसवल्यावर फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्समधलं (कोणत्या फ्रिक्वेन्सीला टेबल किती प्रतिसाद देतं त्या आलेखातलं) शिट्टीचं शिखर खाली बसलं आणि फिल्टरशिवाय गेन बराच वर नेता आला. म्हणून गेनला हात लावण्याआधी तो आलेख काढायला सांगा.

फीडफॉरवर्ड (चूक दिसायची वाट न बघता मोटरला आधीच दिलेला हुकूम) बंद आणि चालू, दोन्ही तऱ्हांनी चालवून दाखवा म्हणावं. पोझिशन गेन (जागेतल्या चुकीमागे किती वेग मागायचा तो आकडा) सेकंदाला 100 आणि वेग मिनिटाला 6 मीटर असेल, तर नुसत्या गेनवर टेबल सांगितलेल्या जागेच्या 1 मिलिमीटर मागे राहतं. वेगाचा फीडफॉरवर्ड दिला की हे अंतर जवळजवळ मिटतं. प्रवेगाच्या फीडफॉरवर्डला मात्र हलणारं वजन बरोबर सांगावं लागतं, त्यामुळे जड जॉब (कापायचा तुकडा) चढवला की तो आकडाही बदला.

उभ्या अक्षाचा ब्रेक आवर्जून बघा, कारण वीज गेली की ही मोटर काहीच धरून ठेवत नाही. आणि पहिल्यांदा मशीन सुरू करताना टेबलाच्या टोकाला उभं राहू नका. चुंबकाच्या ध्रुवांची जागा ड्राइव्हला चुकीची कळली, तर टेबल भलत्याच दिशेला सुसाट सुटतं.