मटणाची रांग आणि गावाचा विषय

रविवार, रात्री साडेअकरा

श्रावण तोंडावर आलाय, त्यामुळं आज मटणाच्या दुकानासमोर जी रांग होती ती बघून एखाद्याला वाटलं असतं उद्यापासनं बोकडं मिळायचीच बंद होणार. मी साडेसातला गेलो होतो म्हणजे आपल्या हिशेबानं लवकरच, तरी पुढं ही गर्दी, निम्मे छत्रीवाले आणि निम्मे डोक्यावर प्लास्टिकची पिशवी घातलेले. आणि रांगेत चर्चा कसली चाललेली, तर मटण आंदोलनाची! २०१९ ची गोष्ट आहे ही, अजून लोकांना कालची वाटते.

बाहेरच्यांना सांगितलं तर खोटं वाटतं, पण २०१९ च्या शेवटी मटणाचा दर वाढला म्हणून आख्खं कोल्हापूर पेटलं होतं. तालमी-मंडळांच्या बैठका झाल्या, कृती समिती झाली, विक्रेत्यांनी पण दुकानं बंद ठेवली, पेपरात पहिल्या पानावर रोज बातमी. मी तेव्हा जर्मनीत, स्टुटगार्टला होतो आणि ऑफिसच्या कँटीनमध्ये ताटात उकडलेला बटाटा घेऊन ते सगळं फोनवर वाचत बसायचो. शेजारी बसणाऱ्यानं एकदा विचारलं एवढं काय वाचतोस रे, म्हटलं माझ्या गावात मटण महाग झालं म्हणून लोक रस्त्यावर आलेत. तो बिचारा गंभीर झाला, म्हणाला तिकडं अन्नाची टंचाई आहे का. आता ह्याला काय सांगायचं.

तर आज रांगेत त्यावरच जुंपली होती. एकजण म्हणत होता त्यावेळी आपण मागं हटायलाच नको होतं, दुसरा म्हणाला अरे पण त्या काळात चिकन खाऊन खाऊन पोरं वाळली. मी ह्या दोघांना ओळखत नाही, ते मला ओळखत नाहीत, पण पाच मिनिटांत मी पण मधे तोंड घातलं होतं आणि कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. माझा नंबर आल्यावर दुकानदार म्हणाले, "कधी आलासा?" म्हटलं आता कायमचाच आलोय की. "बरं केलासा. मांडीचं देऊ का पुढचा पाय?" संपलं. माझ्या आयुष्यातला एवढा मोठा निर्णय, ज्यावर आम्ही नवरा-बायकोनं रात्र रात्र जागून एक्सेल शीट केल्या होत्या, तो ह्या माणसानं दोन शब्दांत निकालात काढला.

परत आल्यापासनं सगळे विचारतात, इथं काय बरं वाटतं. मी आपली नेहमीची उत्तरं देतो, आई-बाबा, लेकीला आजी-आजोबा, जेवण, सण. ती खोटी नाहीत. पण आज पिशवी घेऊन चालत येताना वाटलं की खरं उत्तर वेगळंच आहे. ह्या गावाला कायम एक विषय असतो. सगळ्यांचा मिळून एक. आज मटण, उद्या फुटबॉल, परवा नदी. आणि तो विषय तुम्हाला माहीत असला की तुम्ही कुणाशीही, म्हणजे अगदी कुणाशीही, बोलू शकता.

स्टुटगार्टला वाईट म्हणायचं नाहीये मला. सुंदर शहर आहे, शहराच्या मधे डोंगरउतारावर द्राक्षाचे मळे आहेत, माणसं सरळ आहेत, दिलेला शब्द पाळतात. तिकडं बिल्डिंगीत केअरवोखं नावाची एक भानगड असते, जिना झाडायची-पुसायची पाळी प्रत्येक घराकडं आठवडा आठवडा येते, आमच्याकडं तर पाळी आली की दाराला पाटी अडकवलेली असायची. मला ते आवडायचं खरंतर, आपल्याकडं अशी पाटी लावायला गेलं तर पाटीच गायब होईल. पण समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंशी माझं इतक्या वर्षांत जे काही बोलणं झालं ते त्या जिन्याबद्दल. पाऊस, बर्फ आणि जिना. त्यांना काय आवडतं, पोरं कुठं असतात, काही कळलं नाही, त्यांनी पण विचारलं नाही. रविवारी तर ड्रिल मशीन लावायचं नाही, काचेच्या बाटल्या डब्यात टाकायच्या नाहीत, आवाज होतो. पहिली दोन वर्षं ती शांतता मला स्वर्ग वाटायची. नंतर नंतर रविवारी दुपारी मी उगाच खिडकी उघडून उभा राहायचो, कुणी भांडतंय का बघायला.

आता इथली फुटबॉलची गोष्ट घ्या. तिकडं पण फुटबॉल आहे, आपल्यापेक्षा कितीतरी भारी, पांढरे-लाल मफलर घालून लोक शिस्तीत ट्रेननं स्टेडियमला जायचे, मी पण जायचो. पण मी तिथं प्रेक्षक होतो. इथं शाहू स्टेडियमवर मॅच असली की तुम्ही प्रेक्षक नसताच, तुम्ही कुठल्या तरी पेठेचे असता. पाटाकडील, प्रॅक्टिस, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, शिवाजी, ही इथल्या टीमांची नावं मी वाचायला शिकायच्या आधी शिकलो. आम्ही शिवाजी पेठेतले आणि सासुरवाडी मंगळवार पेठेत, म्हणजे तिकडं पाटाकडील. गेल्या सीझनला दोघांची मॅच होती त्या दिवशी सासरे आमच्याकडं जेवायला येणार होते, ते आलेच नाहीत. फोन पण नाही. बायको म्हणाली काही नाही रे, उद्या येतील. दुसऱ्या दिवशी आले, जेवले, मॅचचा म कुणी काढला नाही, जाताना गाडीला किक मारता मारता बाबांना म्हणाले, "गोलकीपर बदला तुमचा." बाबांची तीन दिवस चिडचिड. बाबा रिटायर झालेत, गुडघे दुखतात, बीपीची गोळी चालू आहे, पण त्यांना विषय आहे. माझ्या ओळखीत तिकडं त्यांच्या वयाचे दोन-तीन लोक होते, पेन्शन माझ्या पगाराएवढी, आणि दिवसभर कुत्र्याशी बोलायचे.

लेक आठ वर्षांची आहे, जन्म तिकडचा. आल्यावर पहिले काही महिने गप्प गप्प होती, शाळेत मॅडम एकदम मराठीत ओरडल्या की घाबरायची. तिला मोकळं केलं ते गंगावेशीतल्या दूध कट्ट्यानं. संध्याकाळी म्हशी आणून उभ्या करतात, समोर धार काढतात आणि ग्लासात तोंडापर्यंत फेस, कोमट कोमट. जुन्या काळात पैलवान मंडळी प्यायची म्हणून हा कट्टा, आता पैलवान कमी आणि आमच्यासारखे पोट सुटलेले जास्त. ती पहिल्यांदा म्हशीकडं बघून माझ्यामागं लपली, ग्लास हातात घ्यायला तयार नाही. शेजारी एक म्हातारे आजोबा पीत होते, त्यांनी तिला विचारलं कुठल्या तालमीची गं तू? ती माझ्याकडं बघायला लागली. आजोबा म्हणाले, "दूध न पिता तालमीचं नाव सांगायचं नसतंय." प्यायली. आता तिची भाषा अशी झालीये की मला "काय भावा" म्हणते आणि बायको डोक्याला हात लावते, ती म्हणते मी जर्मनीत एवढं शुद्ध मराठी शिकवलं ते ह्यासाठी का. मी काही बोलत नाही, मला ऐकायला आवडतं.

एक दिवस मात्र मी इथं नव्हतो त्याचं अजून वाईट वाटतं. ६ मे २०२२, शाहू महाराजांना जाऊन शंभर वर्षं झाली तो दिवस. सकाळी दहाला शंभर सेकंद सगळ्यांनी जिथं आहे तिथं उभं राहायचं ठरलं होतं. तिकडं तेव्हा साडेसहा वाजलेले, मी उठून आईला फोन लावला, ती म्हणाली आता बोलू नकोस, आणि फोन खिडकीत धरला. शंभर सेकंद फोनवर काहीच नाही. शेवटी शेवटी एक कावळा. ज्या रस्त्यावर रिक्षावाले हॉर्नवर हात ठेवूनच जन्माला येतात तिथून काही आवाज नाही म्हणजे काय ते आमच्या घराच्या खिडकीत वाढलेल्या माणसालाच कळेल. ह्या माणसानं राधानगरीचं धरण बांधायला घेतलं, कुस्तीला खासबागेचं मैदान दिलं, १९०२ मध्ये नोकरीत निम्म्या जागा मागासलेल्यांसाठी राखून ठेवल्या, हे शाळेत पाठ केलेलं सगळं त्या कावळ्याच्या आवाजासकट डोक्यात बसलं.

हां, आता सगळं गोड गोड लिहिलं तर उद्या बायको वाचून हसेल, म्हणून लिहितो. पगार निम्म्याच्या खाली आलाय. सुट्टीच्या दिवशी अंबाबाईच्या देवळाच्या आसपास गाडी घेऊन जाणं म्हणजे शिक्षा. घरचं ब्रॉडबँड दुरुस्त करायला येतो म्हणालेला माणूस आठवडाभर "निघालोय साहेब" म्हणत होता. आणि ज्या विषयाचं मी एवढं कौतुक करतोय तोच विषय कधीकधी आपण स्वतः असतो, मी नोकरी सोडली का घालवली ह्यावर गल्लीत दोन गट होते असं नंतर कळलं. चालायचंच. मला विषयात घेतलं तरी.

कारण हा विषय नुसता गप्पांचा नसतो, वेळ आली की लोक उठतात पण. टोल नको म्हणून वर्षानुवर्षं भांडून टोल घालवला ह्या गावानं. गेल्या वर्षी, २०२५ ला, नांदणी मठाच्या माधुरी हत्तिणीला गुजरातला नेलं तेव्हा तिला परत आणा म्हणत लोक नांदणीहून पायी कोल्हापूरला आले, हत्तिणीसाठी. आणि २०१९ चा महापूर, तेव्हा पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं, शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली, गावात भाजी नाही, पेट्रोल नाही. मी तिकडून नुसता फोन लावत होतो. इथं मात्र ज्याच्याकडं जे होतं ते घेऊन लोक बाहेर पडले होते, कुणी भाकरी, कुणी चादरी, कुणी होडी.

त्यामुळं आज दुपारपासनं मी पण सगळ्यांसारखा बंधाऱ्याच्या आकड्यावर डोळा ठेवून आहे. कोल्हापुरात जुलैत कुणी कुणाला कसा आहेस विचारत नाही, पाणी किती फुटावर आलं विचारतात. ३९ म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, हे इथल्या पोराला पाढ्यांच्या आधी येतं. आज मटण शिजेपर्यंत ३५ झालं होतं, जेवून उठलो तर ३६ च्या पुढं. बाबा म्हणाले राधानगरीचे दरवाजे उघडले तर बघ, सात दरवाजे आहेत आणि आपोआप उघडतात, कुणाला विचारत नाहीत. आई म्हणाली तुम्ही आधी रस्सा वाढून घ्या. (पांढरा आज एक नंबर झाला होता, हे लिहून ठेवतो. तांबड्याला चटणी जरा जास्त पडली, पण ती ह्या उन्हाळ्यात डंकावरनं आणलेली नवी चटणी आहे, तिचा अंदाज यायला वेळ लागतो.)

चारच्या सुमाराला लेकीला घेऊन पंचगंगेकडं चक्कर मारली. पोलिसांनी अलीकडंच अडवलं, बरोबरच आहे. तिथं गावातली शंभरेक माणसं उभी होती, काही काम नसताना, नुसती पाणी बघायला. लेकीनं शेजारच्या एका काकूंना विचारलं, पाणी वाढतंय का उतरतंय? काकूंनी तिला दीपमाळेकडं बोट करून कालचं पाणी कुठं होतं आणि आजचं कुठं आहे ते सगळं समजावून सांगितलं, मग त्यांच्या सासूबाईंनी बघितलेला १९८९ चा पूर सांगितला, मग घर कुठं, आडनाव काय, आजी कुठली, आणि निघाली आमची लांबची ओळख. बायकोच्या मावशीच्या नणंदेकडनं. निघतेच.

आता साडेअकरा वाजलेत, पाऊस थांबायचं नाव नाही. उद्या शाळेला सुट्टी आहे का ते अजून कळलेलं नाही. कलेक्टरांचा आदेश म्हणून वर्गाच्या ग्रुपवर तीन फॉरवर्ड आलेत, त्यातल्या एकावर तारीख गेल्या वर्षीची आहे आणि त्याच्या खाली वीस पालकांनी थँक्यू लिहिलंय. लेक डबा भरू नको म्हणून सांगून झोपली. मी आपला भरून ठेवतो, आज राहिलेलं सुकं आहेच.