तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्या गावाला भिंत का नाही

"दर दोन-चार वर्षांनी पाणी येतं म्हणतेस, मग नदीला भिंत का घालत नाहीत गं ती लोकं?"

हा प्रश्न मला पहिल्यांदा आईने विचारला, सांगलीहून, फोनवर. पुढे शिकागोहून गणपतीला येणाऱ्या मित्रमंडळींनी विचारला. पुण्याहून ट्रॅक्टर कंपनीच्या कामासाठी चार-सहा महिने येणारी पोरं तर घरी जेवायला आली की हमखास विचारतात. मी दरवेळी दोन वाक्यांत काहीतरी सांगते आणि दरवेळी मनात राहतं की हे पुरेसं झालं नाही. म्हणून आता नीट सांगते.

मी राहते ते गाव डेव्हनपोर्ट. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, मिसिसिपीच्या काठावर, शिकागोपासून साधारण पावणेतीनशे किलोमीटरवर. वस्ती एक लाखाच्या आसपास. शेजारी बेटनडॉर्फ, आणि पलीकडच्या काठावर इलिनॉय राज्यातली रॉक आयलंड आणि मोलीन. या सगळ्यांना मिळून क्वाड सिटीज म्हणतात. मिसिसिपी उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते असं आपण शाळेत शिकलो, पण इथे ती वळण घेऊन पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहते. त्यामुळे नवीन माणूस दिशा चुकतो. मला मात्र पहिल्याच आठवड्यात ते वळण आवडलं. सकाळी सूर्य नदीच्या अंगाने उगवतो आणि संध्याकाळी नदीच्याच अंगाने मावळतो.

या काठावर पूर्वी सॉक आणि मेस्क्वाकी हे मूळनिवासी लोक राहत. पलीकडे रॉक नदीच्या तोंडाशी त्यांचं सॉकेनक नावाचं मोठं गाव होतं. ते सोडायला त्यांचा म्होरक्या ब्लॅक हॉक तयार नव्हता. 1832 साली लढाई झाली, तो हरला, आणि त्याच वर्षी आमच्या काठावर तह होऊन त्या लोकांची जमीन गेली. तहाच्या वेळी दुभाषा होता आंत्वान लक्लेअर, आईकडून पोटावाटोमी आणि बापाकडून फ्रेंच-कॅनेडियन. 1836 साली त्याने गाव वसवलं आणि आपल्या मित्राचं, जॉर्ज डेव्हनपोर्टचं, नाव त्याला दिलं. गावाच्या मुळाशी कुणाचं तरी घर हिरावून घेणं आहे. मी इथली नागरिक झाले तेव्हा हे आधी वाचून घेतलं. मला ते माहीत असायला हवं होतं.

मग जर्मन आले. 1848 चा उठाव फसल्यावर श्लेस्विग-होल्स्टाईनकडून कुटुंबंच्या कुटुंबं इथे उतरली. त्यांनी व्यायामशाळा काढल्या, नाटकं केली, जर्मन वर्तमानपत्र चालवलं. पहिल्या महायुद्धात, मे 1918 मध्ये, आयोवाच्या राज्यपालांनी फर्मान काढलं: शाळेत, रस्त्यात, आगगाडीत, टेलिफोनवर, सगळीकडे फक्त इंग्रजी. आमच्या शेजारच्या आजोबांनी मला सांगितलं की त्यांची आजी त्यानंतर घरातसुद्धा दबक्या आवाजात बोलायची. ते ऐकल्यापासून मी नदीकाठी फिरताना आईशी फोनवर मुद्दाम मोकळ्या आवाजात मराठी बोलते.

आता भिंतीकडे येते.

नदी नक्की कुणाची, हा वाद या गावात भिंतीच्याही आधीपासून आहे. मिसिसिपीवरचा पहिला रेल्वे पूल आमच्याच इथे, रॉक आयलंड आणि डेव्हनपोर्टच्या मध्ये, एप्रिल 1856 मध्ये झाला. दोनच आठवड्यांत एफी ॲफ्टन नावाची आगबोट त्याच्यावर आदळली आणि पेटली. बोटवाल्यांनी दावा लावला की पूल हाच नदीतला अडथळा आहे. पुलाच्या बाजूच्या वकिलांत अब्राहम लिंकन होते. नदीवरून जाणाऱ्याइतकाच नदी ओलांडून जाणाऱ्याचाही हक्क आहे, असा त्यांचा मुद्दा. ज्यूरीचं एकमत झालं नाही, पण पूल राहिले. हल्लीचा जुना पूल 1896 चा, दुमजली, वरून आगगाडी आणि खालून मोटारी. मालवाहू बार्ज आले की त्याचा एक भाग आख्खा गोल फिरतो. आम्ही मोटारी बंद करून थांबतो. मुलगा लहान असताना आम्ही तो पूल फिरताना बघायलाच जायचो.

1856 नंतरची पन्नास-साठ वर्षं नदीकाठ माणसांचा राहिलाच नव्हता. लाकडाच्या गिरण्या, गोदामं, रुळांचं जाळं, कचरा. 1910 च्या दशकात गावाने मनावर घेतलं आणि काठ सार्वजनिक करायला सुरुवात केली. भराव घातला, दगडी काठ बांधला, बाग केली. 1931 साली तिथेच बेसबॉलचं मैदान झालं. आज गावाचा साधारण चौदा किलोमीटरचा काठ जवळजवळ सगळा मोकळा आहे. शनिवारचा बाजार तिथेच, जुन्या रेल्वे गोदामाच्या आवारात. बिक्स बायडरबेक हा जॅझचा मोठा वादक इथला, जन्म 1903 चा. त्याच्या नावाचा संगीत महोत्सव आणि 1975 पासूनची सात मैलांची शर्यत, हे सगळं नदीच्या आसपास. तुम्ही गावात कुठूनही उतारावरून खाली या, समोर पाणी दिसतं. मध्ये काही नाही.

भिंत बांधायची तर हे 'मध्ये काही नाही' जातं. 1965 साली पाणी 22.48 फुटांवर गेलं. त्यानंतर रॉक आयलंडने भिंत आणि बांध घातला, बेटनडॉर्फनेही संरक्षण केलं. डेव्हनपोर्टपुढेही योजना आली. खर्च मोठा होता आणि नदी दिसायची बंद झाली असती. 1980 च्या दशकात गावाने ती नाकारली. बाहेरच्यांना हा अडाणीपणा वाटतो. 2001 च्या पुरात केंद्राच्या आपत्ती विभागाच्या प्रमुखांनी जाहीरपणे विचारलं होतं की देशातल्या करदात्यांनी या गावाला किती वेळा सावरायचं. लोकांना ते लागलं. अजून काढतात.

एक गोष्ट मात्र समजून घ्या. भिंतीने पाणी नाहीसं होत नाही. नदीला पसरायला जागा दिली नाही तर ती उंच होते, आणि ती उंची समोरच्याच्या किंवा वरच्याच्या वाट्याला जाते. सांगलीच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. कृष्णेवरच्या अलमट्टी धरणाची उंची म्हटलं की आमच्याकडे पानपट्टीवरसुद्धा फुगवट्यावर, म्हणजे धरणामागे तुंबणाऱ्या पाण्यावर, चर्चा होते. आमच्या बागेत, मैदानाभोवती, बेटांवर पाणी पसरतं तेव्हा ते दुसऱ्या कुणाच्या घरात कमी जातं. मला हे पटतं.

पण 2019 ने मला अर्धवट बोलायची सोय ठेवली नाही.

त्या वर्षी मार्चपासून पाणी चढलेलंच होतं. इथे पंधरा फूट म्हणजे पूररेषा आणि अठरा फूट म्हणजे मोठा पूर. गावाने रिव्हर ड्राइव्हवर हेस्को लावले. हेस्को म्हणजे तारेच्या जाळीचे उभे पिंजरे, आतून जाड कापडाचे, त्यात वाळू भरायची. शिवाय वाळूच्या पिशव्या. मी दोन शनिवार भरायला गेले होते. एकाने पिशवीचं तोंड बाहेर दुमडून धरायचं, दुसऱ्याने फावड्याने टाकायचं. पिशवी अर्ध्याहून थोडीच जास्त भरायची, गच्च भरली तर ती दगडासारखी होते आणि शेजारच्या पिशवीला चिकटून बसत नाही. तोंड बांधायचं नाही, दुमडून खाली दाबायचं. मग विटांसारखी सांधेमोड करत रचायची आणि प्रत्येक थर पायाने तुडवायचा. माझ्यासमोर पिशवी धरणारे सत्तरीच्या आसपासचे गृहस्थ होते. 1965 ला शाळकरी वयात त्यांनी हेच काम केलं होतं. त्यांच्या बोटांना वाळूने चिरा पडल्या होत्या, पण हातमोजे घालत नव्हते, पिशवीचं तोंड निसटतं म्हणून.

30 एप्रिलला दुपारी पर्शिंग ॲव्हेन्यूपाशी हेस्को सरकले. आठवडेच्या आठवडे पाण्याचा रेटा सोसत उभे होते. काही मिनिटांत सेकंड स्ट्रीटवर पाणी, गाड्या बुडलेल्या, माणसांना बोटीतून काढावं लागलं. दोन दिवसांनी नदी 22.70 फुटांवर गेली, 1993 च्या 22.63 च्याही वर. माणूस कुणी गेलं नाही, पण दुकानं गेली. मी जिथून दर शुक्रवारी पाव घ्यायचे त्या दुकानाची मालकीण पाणी उतरल्यावर बुरशी लागलेलं लाकडी काउंटर तोडून बाहेर काढत होती. नेहमीच्या विम्यात पूर येत नाही आणि पुराचा वेगळा विमा तिला झेपला नव्हता. ती म्हणाली, "नदी सगळ्यांना दिसते, पण तिचं भाडं आम्ही भरतो."

त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझं घर चढावर आहे. मला नदी फुकट दिसते.

तीन महिन्यांनी सांगलीला पूर आला. मे महिन्यात आई मला विचारत होती, "आज किती फूट?" ऑगस्टमध्ये मी तिला विचारत होते, "आयर्विन पुलाला किती झालं?" सांगलीत 45 फूट ही धोक्याची पातळी. पाणी 57 च्या वर गेलं. मारुती चौक बुडाला. आमच्या गावभागातल्या घरात पाणी दारातून आलंच नाही, आधी न्हाणीघराच्या मोरीतून वर आलं. डेव्हनपोर्टलाही तसंच, आधी रस्त्यातल्या गटारांतून बुडबुडे येतात. आईने धान्याचे डबे माडीवर नेले. दुसऱ्या दिवशी माडीवरच अडकली. शेजारच्या पोरांनी तिला बोटीतून काढलं. त्याच दिवसांत ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली. ती बातमी वाचली तेव्हा आईचा फोन लागत नव्हता. ते चार तास मी कुणाला सांगू शकत नाही.

दोन्ही पूर मी सारखे मानत नाही. मिसिसिपीला वरचा बर्फ वितळून पाणी येतं, ते मिनेसोटाकडून निघालं की आम्हाला आठ-दहा दिवस आधी कळतं, किती तारखेला किती फूट. कृष्णेला महाबळेश्वर आणि कोयनेचा पाऊस दोन-तीन दिवसांत गाठतो. आम्हाला पिशव्या भरायला सवड मिळते. सांगलीला ती मिळत नाही.

म्हणून कुणी विचारलं की तुझं काय मत, तर मी सांगते: भिंत नको, पण पाववालीचं भाडं सगळ्या गावाने भरावं. आमच्या घरपट्टीतून. 2019 नंतर गावाने अभ्यास करून घेतला, त्यातही सलग भिंत नाही. काही ठिकाणी रस्ता उंच करायचा, पावसाळी गटारांना झडपा बसवायच्या, जिथे जमेल तिथे पाण्याला पसरू द्यायचं. हे काम हळू चाललंय. मी सभांना जाते आणि दरवेळी खालच्या रस्त्याचं विचारते. तिथले लोक आता मला ओळखतात.

2023 च्या वसंतात आई इथे आली होती आणि नेमकं तेव्हाच पाणी चढलं. मी तिला खाली घेऊन गेले. हेस्को लावलेले होते, या वेळी आणखी भक्कम. तिने एका पिंजऱ्यावर तळवा टेकवला, जरा दाबून बघितलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "वाळू ओली आहे, पण बसलीय चांगली." पलीकडे बेसबॉलचं मैदान चारी बाजूंनी पाण्यात, मध्ये हिरवंगार आणि कोरडं. आत जायला उंचावरून तात्पुरता पूल. ती ते बराच वेळ बघत उभी होती.

येताना तिने सांगलीहून कालनिर्णय आणलं होतं. रोज सकाळी चहाच्या आधी मला आकडा विचारायची आणि त्या तारखेच्या चौकोनात पेन्सिलने लिहायची, बापूंनी, म्हणजे आजोबांनी, आयर्विनचे आकडे लिहायची सवय लावली होती तशी. ते कालनिर्णय अजून आमच्या स्वयंपाकघरात आहे. 1 मेच्या चौकोनात महाराष्ट्र दिन छापलेलं आहे, आणि त्याखाली तिच्या बारीक अक्षरात 21.5. हेस्को टिकले. पुढच्या चौकोनापासून आकडे उतरत जातात.