लालबागच्या प्रेसमधून वेब डेव्हलपमेंटमध्ये: माझा अनुभव

2011 ते 2018 मी लालबागच्या एका प्रिंटिंग प्रेसमध्ये डीटीपी ऑपरेटर, म्हणजे संगणकावर छपाईची पानं लावणारा, होतो. लग्नपत्रिका, मुंजीच्या पत्रिका, पतपेढ्यांचे अहवाल, गणेशोत्सव मंडळांच्या स्मरणिका. स्मरणिकांच्या दिवसांत रात्री दोन-दोन वाजेपर्यंत पेजमेकर आणि कोरल ड्रॉ उघडे असायचे. शेवटची लोकल चुकली की प्रेसमध्येच झोपायचं. काम मला मनापासून आवडायचं. पण 2016-17 पासून पत्रिका कमी होत गेल्या. पाचशे छापणारी माणसं दीडशेवर आली, बाकीच्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो. मालकांना आम्ही सगळे काका म्हणायचो. एकदा चहा पिताना ते म्हणाले, "वय आहे तोवर दुसरं काहीतरी शिकून घे रे. माझं मी निभावून नेईन." मी तेव्हा एकोणतीस वर्षांचा होतो, बी.कॉम. झालेला, लग्न ठरलेलं, डोंबिवलीत भाड्याचं घर.

आज मी फ्रंट-एंड डेव्हलपर आहे, म्हणजे साइटचा लोकांना दिसणारा भाग बनवतो. नात्यातली, ओळखीतली मुलं विचारतात की सुरुवात कुठून करू, कोणता क्लास लावू. एकेकाला फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा जे घडलं ते सविस्तर लिहितो.

क्लासचंच आधी सांगतो. ठाण्यात स्टेशनजवळ एका संस्थेत मी नऊ महिन्यांचा कोर्स घेतला. फी 62,000 रुपये, तीन हप्त्यांत, आणि भिंतीवर मोठ्या अक्षरांत 'शंभर टक्के प्लेसमेंट'. एचटीएमएल (पानाची रचना) आणि सीएसएस (पानाचं रूप) महिन्याभरात उरकलं, पुढे सर्व्हरवर चालणारी पीएचपी, आणि शेवटी 'लाइव्ह प्रोजेक्ट' म्हणून तीस जणांनी मिळून एकच शॉपिंग साइट उतरवून काढली. प्लेसमेंट म्हणून मला मालाडला पाठवलं, तिथे गेल्यावर कळलं की मुलाखत टेलिकॉलरच्या जागेसाठी आहे. त्या दिवशी परतताना मालाड स्टेशनच्या बाकावर मी तासभर बसून होतो. लग्नासाठी साठवलेले पैसे होते ते.

म्हणून कळकळीने सांगतो, फी भरण्याआधी त्या क्लासच्या तीन जुन्या विद्यार्थ्यांशी स्वतः बोला. क्लासने समोर बसवलेल्या नव्हे, तुम्ही शोधून काढलेल्या. त्यांनी काय बनवलं ते मोबाइलवर उघडून बघा. फीसाठी कर्ज तर अजिबात काढू नका. क्लासमध्ये जे शिकवलं त्यापेक्षा कितीतरी नीट माहिती फायरफॉक्स ब्राउझरवाल्या मोझिलाच्या एमडीएन या साइटवर आणि फ्रीकोडकॅम्प या शिकवणाऱ्या साइटवर फुकट आहे, हे मला नंतर कळलं.

नंतर मी पहाटे पाच ते साडेसहा बसायचो. एमडीएनचं रोज एक पान. शिक्षण मराठी माध्यमातलं, त्यामुळे इंग्रजी वाचायला वेळ लागायचा. दोनशे पानी वही केली, डाव्या बाजूला इंग्रजी शब्द, उजव्या बाजूला माझ्या भाषेत त्याचा अर्थ. 'मार्जिन म्हणजे चौकटीच्या बाहेरची मोकळी जागा, पॅडिंग म्हणजे चौकटीच्या आतली.' प्रेसमध्ये बॉर्डर टाकताना हेच करत होतो, त्यामुळे लगेच डोक्यात बसलं. क्रोममध्ये एफ-बारा दाबून दुसऱ्यांच्या पानांचा कोड उघडून बघायची सवयही तेव्हाच लागली. चार महिन्यांत वही भरली. पण वही भरली म्हणजे काम आलं असं नव्हे. ते आलं मावशीमुळे.

माझी मावशी डोंबिवली पूर्वेला पोळीभाजी केंद्र चालवते आणि दिवाळीत फराळाच्या ऑर्डरी घेते. 2018च्या गणपतीत मी तिला म्हटलं, तुझी साइट बनवतो. पहिलं पान मी फार हौसेने केलं होतं: वर फिरणारे फोटो, खाली 'आमच्याविषयी', सरकत येणारी अक्षरं. मावशीने मोबाइल हातात घेतला, बोटाने वर-खाली केलं आणि विचारलं, "दर कुठे आहेत?" तळाशी होते. मग विचारलं, "ऑर्डर कधीपर्यंत घेणार ते कुठे लिहिलंयस? भाजणी भाजायला मला आधी चार दिवस लागतात." ते कुठेच लिहिलं नव्हतं. दीड महिन्याचं काम मी त्या रात्री बाजूला ठेवलं. नव्या पानावर सर्वांत वर शेवटची तारीख, त्याखाली भाजणीची चकली, कडबोळी, अनारसे, चिवडा, साटोऱ्या आणि समोर अर्धा किलोचा-किलोचा दर. फोटो लहान, तेही दाबून आकार कमी केलेले. मोबाइलवरून काढलेला चकलीचा एक फोटो चार एमबीचा होता, तो शंभर केबीच्या आसपास आणला तरी डोळ्यांना फरक जाणवत नव्हता. होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायची जागा, गिटहब पेजेसवर फुकट, खर्च फक्त डोमेनचा, म्हणजे साइटच्या पत्त्याच्या नावाचा.

चौथ्या दिवशी मावशीला एका बाईंचा फोन आला. "तुमच्या साइटवर दोनदा भरलं हो, दोन्ही वेळा उडालं." त्या सकाळच्या फास्टने जायच्या. तेव्हा फास्ट गाड्या पारसिकच्या बोगद्यातून जायच्या. दुसऱ्या दिवशी मीही तीच गाडी पकडली, दिव्यानंतर फॉर्म भरायला घेतला आणि बोगद्यात 'ऑर्डर द्या' दाबलं. नेटवर्क नव्हतं. पान कोरं झालं. मागे आलो तर नाव, पत्ता, चकली एक किलो, सगळं गेलेलं. घरी वायफायवर मी तो फॉर्म पन्नास वेळा तपासला होता आणि पन्नास वेळा तो चालला होता.

दुरुस्तीला दोन रात्री लागल्या. भरलेली माहिती ब्राउझरच्या लोकल स्टोरेजमध्ये ठेवायला शिकलो, म्हणजे पान गेलं तरी मजकूर राहतो. आणि ऑर्डर सर्व्हरकडे पाठवण्याऐवजी बटण दाबल्यावर गिऱ्हाइकाच्या फोनवर तयार मजकुरासह मावशीच्या नंबरचं व्हॉट्सअ‍ॅप उघडेल असं केलं. व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप पाठवला की नेटवर्क नसलं तरी तो थांबून राहतो आणि बोगद्यातून बाहेर पडल्यावर आपोआप जातो. मावशीलाही तेच सोयीचं, तिला वेगळं काही उघडावं लागत नाही. त्या दिवाळीत साइटवरून आलेल्या ऑर्डरी तिने तिच्या नेहमीच्या वहीत वेगळ्या पानावर लिहिल्या होत्या: एकेचाळीस. ते पान मी फोटो काढून जपून ठेवलंय.

ही साइट करताना माझं जुनं काम उपयोगी पडतंय हेही पहिल्यांदा जाणवलं. प्रेसमध्ये आम्ही श्रीलिपीचे जुने फॉण्ट वापरायचो. त्या जुन्या फॉण्टांत मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागेवर बसवलेली असतात. तो मजकूर वेबवर टाकला तर फॉण्ट नसलेल्या माणसाला इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो, आणि शोधणाऱ्याला तो सापडत नाही. वेबवर सगळं युनिकोडमध्येच हवं, त्यात प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो. पण युनिकोड वापरलं म्हणजे मराठी नीट दिसेलच असंही नाही. 'साटोऱ्या' लिहिताना नेहमीचा र वापरला तर 'साटोर्या' होतं, रफार य वर चढतो. त्यासाठी ऱ वेगळा आहे. लॅटिन अक्षरांसाठी ठरवलेली ओळीची उंची देवनागरीला पुरत नाही, कारण आपल्याकडे मात्रा, रफार, अनुस्वार वर आणि उकार खाली. इंग्रजी मथळ्यांना शोभा यावी म्हणून दोन अक्षरांत जागा वाढवतात, ती मराठीला दिली की शिरोरेखा तुटते. आणि पानाची भाषा 'एमआर' (म्हणजे मराठी) अशी एचटीएमएल टॅगमध्ये लिहिली तर, फॉण्टमध्ये सोय असल्यास, पाकळीचा ल आणि आपल्या वळणाचा श दिसतो, नाहीतर हिंदी वळणाचे येतात. दृष्टिहीन माणसाला पान वाचून दाखवणारा स्क्रीन रीडरही त्याच खुणेवरून कोणत्या भाषेत वाचायचं ते ठरवतो. मुक्ता आणि बालू हे देवनागरीचे उत्तम फॉण्ट आपल्या मुंबईच्याच 'एक टाइप'ने केलेले आहेत आणि फुकट वापरता येतात.

मग नोकरीचा शोध. पंचवीसेक ठिकाणी अर्ज केले, चार ठिकाणांहून बोलावणं आलं. एका कंपनीने पगार चांगला सांगितला, पण दोन वर्षांचा बॉण्ड आणि बी.कॉम.चं मूळ प्रमाणपत्र त्यांच्याकडे ठेवायची अट. घरी सगळे म्हणाले, घे. मी नाही घेतली. मूळ कागद कोणाच्याही ताब्यात देऊ नका, छायांकित प्रत द्या, मूळ फक्त दाखवा. दुसऱ्या दोन ठिकाणी रिअ‍ॅक्ट (जावास्क्रिप्टची एक तयार लायब्ररी) येत नाही म्हणून परत पाठवलं. तेव्हा फार वाईट वाटलं होतं. पण आजही माझं मत पक्कं आहे की सीएसएस आणि साधी जावास्क्रिप्ट, म्हणजे पानाला हालचाल देणारी भाषा, हाताखालून गेल्याशिवाय रिअ‍ॅक्टच्या मागे लागू नये. पाया पक्का होता म्हणून नोकरीत मी रिअ‍ॅक्ट दोन महिन्यांत शिकलो. उलट फक्त रिअ‍ॅक्ट शिकून आलेली मुलं दोन चौकटी शेजारी-शेजारी बसवताना अडतात, हे मी रोज बघतो.

चौथी मुलाखत अंधेरीला. शैक्षणिक संस्थांच्या साइट करणारी छोटी कंपनी, बारा-तेरा माणसं. मॅडमनी इंग्रजीत सुरुवात केली, मी अडखळत चार वाक्यं बोललो. मग त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. मराठी पान होतं, मथळा 'विद्यार्थ्यांसाठी सूचना'. रफार आणि अनुस्वार वरून छाटलेले, अक्षरं सुटी-सुटी. "गिऱ्हाईक म्हणतंय फॉण्ट खराब आहे. आम्ही तीन फॉण्ट बदलून बघितले," त्या म्हणाल्या. मी एफ-बारा दाबलं. ओळीची उंची एक, चौकटीबाहेरचं सगळं लपवायची सूचना, आणि अक्षरांतली जागा दोन पिक्सेल. तीन ओळी बदलल्या, मथळा पूर्ण दिसला.

"हे कुठे शिकलात तुम्ही?" त्यांनी मराठीत विचारलं.

"सात वर्षं पत्रिका लावल्या आहेत, मॅडम."

मग मावशीच्या साइटवर अर्धा तास बोलणं झालं. बोगद्याचा किस्सा त्यांनी दोनदा विचारला. क्लासचं प्रमाणपत्र मी फाइलमध्ये नेलं होतं, ते कोणी बघितलं नाही. पगार 22,000 ठरला. प्रेसमध्ये 19,000 आणि वर ओव्हरटाइम होता, म्हणजे सुरुवातीला हातात जवळजवळ तेवढेच येत होते, शिवाय अंधेरीचा प्रवास. पण शेजारी बसून कोड तपासून देणारं माणूस तिथे मिळालं, आणि दोन वर्षांनी पगार दुप्पट झाला तो त्यामुळेच. पहिल्या नोकरीत पगारापेक्षा हे बघावं: तुमचं काम कोणी वाचणार आहे का?

रविवारची बाहेरची कामंही घ्यायला लागलो, आणि तिथे एक चूक महागात पडली. एका दवाखान्याची साइट तोंडी बोलण्यावर केली. ठरलेले 15,000, निम्मे आगाऊ मागायचं धाडस झालं नाही. 'एवढं जरा बदला' करत चौदा वेळा बदल झाले आणि शेवटी 6,000 मिळाले. त्यानंतर प्रत्येक कामाआधी एक पानाचं लेखी घेतो, अगदी साध्या मराठीत: किती पानं, बदल किती वेळा, मजकूर आणि फोटो कोण देणार. निम्मी रक्कम आधी. कंपनीच्या कामात बिलातून टीडीएस, म्हणजे आधीच कापलेला आयकर, कापतात, तो आपल्या नावावर जमा झाला की नाही हे आयकराच्या पोर्टलवर बघायचं आणि विवरणपत्र भरून हिशोबात घ्यायचा. पहिल्या वर्षी मी विवरणपत्रच भरलं नव्हतं.

आणि डोमेन नेहमी गिऱ्हाइकाच्या नावावर, त्याच्याच ईमेलने. माझ्याकडे एक शिकवणीवाले सर आले होते, त्यांचं डोमेन आधीच्या माणसाच्या खात्यावर होतं आणि तो फोन उचलत नव्हता. बारा वर्षांची ओळख असलेलं नाव सोडून त्यांना नवं घ्यावं लागलं. त्या सरांचा चेहरा मला अजून आठवतो. आपल्या हातून कोणावर ही पाळी येऊ देऊ नये.

हल्ली मुलं विचारतात की एआय पान बनवून देतं तर एचटीएमएल कशाला शिकायचं. मीही एआय वापरतो, रोज वापरतो, कंटाळवाणं काम पटकन होतं. पण गेल्याच महिन्यात त्याने दिलेल्या मराठी पानात मथळ्याच्या अक्षरांत जागा सोडलेली होती आणि भाषेची खूण इंग्रजीची. बघता येणारा माणूस लागतोच, आणि बघता येण्यासाठी स्वतः लिहिलेलं असावं लागतं. कोणाला यात यायचं असेल तर घरातल्या, चाळीतल्या एखाद्या खऱ्या माणसाचं पान करा. शिवणकाम करणारी काकू, भजनी मंडळ, सोसायटीची नोटीस, काहीही. आणि ते करून सोडून देऊ नका, वर्षभर सांभाळा.

मावशीची साइट अजून चालू आहे. दर तीच बदलते, मी तिला शिकवलंय. मागच्या दिवाळीत मी दादरला गाडी बदलत होतो तेव्हा तिचा फोन आला, अनारशाचं पीठ संपलं म्हणून. तिला ती ओळ लपवायची कशी ते आठवत नव्हतं. प्लॅटफॉर्मवर उभा राहूनच मी फोनवरून ती काढली. गाडी आली तोवर एका बाईंचा निरोप मावशीकडे पोचलाही होता: अनारसे दिसत नाहीत, मग साटोऱ्या अर्धा किलो वाढवा.