२५ जीची (२५ गिगाबिटची) डॅक केबल: लिंक का लागत नाही?

रॅकमधल्या रॅकमध्ये सर्व्हर ते स्विच जोडायचा असेल तर पॅसिव्ह डॅकच घ्या, म्हणजे दोन्ही टोकांना कनेक्टर पक्के बसवलेली, सिग्नल न वाढवणारी तांब्याची केबल. स्वस्त, आणि वीज जवळजवळ शून्य. पण लांबी नीट मोजा. ५ मीटरला आरएस-एफईसी (वाटेत झालेल्या डेटाच्या चुका दुरुस्त करणारी सोय) लागतेच. एका टोकाला ती चालू, दुसऱ्याला बंद, की पोर्टचा दिवा लागतच नाही आणि आपण उगाच केबल बदलत बसतो. लिनक्सवर ईथटूल या कमांडच्या शो-एफईसी पर्यायाने सर्व्हरची सेटिंग आधी बघा, मग स्विचची सेटिंग जुळवा.

३० एडब्ल्यूजीची (हे तारेच्या जाडीचं माप, आकडा मोठा तितकी तार बारीक) केबल बारीक, सहज वळते; ५ मीटरची बहुधा २६ची, चांगलीच राठ. तिला कनेक्टरच्या मागे लगेच मुरडू नका, आतल्या तारांच्या जोड्या दबून एररचे आकडे चढतात. झिप टाय नको, वेल्क्रो बांधा.