तुम्ही विचारलंत म्हणून: घरी बिअर कशाला?

‘दुकानात मिळते ना, मग घरी कशाला करतेस?’ पुण्याहून मावशी फोनवर विचारते, इथे लेस्टरला गणपतीच्या जेवणात वहिनी विचारतात. पोटातला प्रश्न ‘बाईमाणूस असून?’ हा असतो. मध्ययुगीन इंग्लंडात एल, म्हणजे तिथली जुनी बिअर, करणं हे बहुतेक बायकांचंच काम होतं, तेव्हा तो राहू द्या.

ही हातभट्टी नाही. मी काही गाळत नाही, नुसतं आंबवते. २०१५ साली मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं दगावली ती मिथेनॉलने. माझ्या पातेल्यात बार्लीचा मॉल्ट (मोड आणून वाळवलेले दाणे), पाणी, हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) आणि यीस्ट. इंग्लंडात १९६३ पासून घरापुरत्या बिअरला परवाना लागत नाही, फक्त विकायची नाही. पुण्यात हेच केलं तर गुन्हा, कबूल.

मला आवडतो तो पहिला तास. भरडलेला मॅरिस ऑटर, म्हणजे एका जातीच्या बार्लीचा मॉल्ट, ६६ अंशांच्या पाण्यात झाकून ठेवायचा. आतल्या स्टार्चची साखर होते आणि घरभर लापशीसारखा वास सुटतो. पाणी चार-पाच अंश जास्त तापलं तर न आंबणारी साखर जास्त उरते, बिअर जडसर होते.

आई राहायला आली तेव्हा मी मुद्दाम तिच्यादेखत बिअर लावली. लपवण्यासारखं काय आहे त्यात? ती नाकाला पदर लावून दारात उभी राहिली, बोलली काही नाही. बादली जिन्याखाली ठेवली. रात्री पाणी प्यायला उठले तर आई पायरीवर बसलेली, झाकणावरच्या एअरलॉकची, म्हणजे आतला वायू बाहेर सोडणाऱ्या नळीची, बुडबुड ऐकत.

‘थांबतं का गं हे?’

साखर संपली की थांबतं, म्हटलं. द्रवाची घनता मोजणारा हायड्रोमीटर दाखवला: १.०४४ वरून १.०१० वर आलं की साडेचार टक्के अल्कोहोल. वहीही दाखवली. तारखा, तापमानं, सगळं नीट लिहिलेलं. तिने पानं उलटली.

‘तुझे बाबाही मोजूनच घ्यायचे. स्टीलचं माप होतं पेगाचं. शेवटपर्यंत मोजलं त्यांनी.’

मी भडकले. बाबा रम प्यायचे, एकटे, दार लावून. त्याचा नि ह्याचा संबंध काय, असं बरंच काही बोलले. ‘नसेल,’ म्हणाली आणि झोपायला गेली. आजही मला वाटतं, संबंध नाही.

पण पूर्वी मी सगळ्यांना ठणकावून सांगायचे, ‘मला पिण्यात नाही, करण्यात रस आहे.’ आता तसं सांगवत नाही. वीस लिटर म्हणजे चाळीस बाटल्या. निम्म्या वाटते, उरलेल्या मीच पिते. शुक्रवारी, आणि कामावर डोकं उठलं असेल तर बुधवारीही. वहीत किती केली ते असतं, किती प्यायले ते नसतं. तसा रकाना आखायला घेतला होता, पट्टी लावून. मग वाटलं, आखला तर मी बाबांसारखी मोजायला लागले आणि नाही आखला तर मोजतच नाही. दोन्हीकडून आईच बरोबर ठरते, आणि ते मला मान्य नाही.